वाकडी भिंत आणि गरम-थंड पाण्याचा नळ

गरम आणि थंड पाणी एकत्र करून सोडणाऱ्या नळाला दुकानात वॉल मिक्सर म्हणतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये तो बसवणे म्हणजे तासाभराचे काम. तलासरी तालुक्यातल्या आमच्या झरीत त्याला एक अख्खा रविवार आणि सोमवारची अर्धी रजा लागली. कारण भिंत. वाचक बंधू-भगिनींपैकी अनेकांच्या घराच्या भिंती अशाच असतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचे घर वडिलांनी मातीत विटा रचून बांधले. सिमेंटचा गिलावा पुढे पैसे जमतील तसा झाला. त्यात नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या हिवाळ्यात इथल्या माणसांनी लहान मुलांना घेऊन घराबाहेर, तंबूत रात्री काढल्या. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीला तेव्हापासून पोट सुटले आहे.

आईचे वय ७६. गुडघे दुखतात, तरी चुलीवरचे पाणी स्वतः उचलून न्हाणीत नेणार. मागच्या थंडीत बादली हातातून सुटली. पाणी कोमट होते म्हणून निभावले. तेव्हाच गिझर आणि मिक्सर घ्यायचे ठरले. गवंडी भिंत पाहून म्हणाला, पाडून नवी बांधा, १८ हजार लागतील. त्याचे चुकले असे मी म्हणत नाही, पण कारकुनाच्या पगारात मुलांच्या फीच्या महिन्यात १८ हजार कुठून आणायचे? दुसऱ्या एकाने सोपा उपाय सांगितला. नट लावा आणि पान्याने आवळत जा, मिक्सर आपोआप भिंतीला लागेल.

माझा पुतण्या मुंबईत एका ठेकेदाराकडे टगबोटींवर नळकाम करतो. रविवारी तो घरी आला होता. हा सल्ला ऐकून तो हसलाच. “काका, असं आवळलं तर आज लागेल, पण सगळा ताण भिंतीतल्या सांध्यावर येईल. चार महिन्यांनी आतून पाणी झिरपेल. मातीची भिंत आहे, तुम्हाला कळेपर्यंत ओली होऊन बसेल.”

मग त्याने बोटीवरची गोष्ट सांगितली. बोटीची बाजू मुळातच गोलाकार, आतून लोखंडी फासळ्या. सरळ भिंत मिळतच नाही. इंजिनाची थरथर दिवसरात्र चालू. खलाशांच्या अंघोळीचे पाणी पुष्कळ बोटींत इंजिनाच्याच उष्णतेवर तापते, त्यामुळे ते हात पोळेल इतके कढत असते. आणि तिथे पाणसळ चालत नाही! बोट हलते, बुडबुडाही हलतो. म्हणून माप घ्यायचे ते खालच्या लादीवरून किंवा दाराच्या चौकटीवरून. बोटीवर भिंतीला सरळ करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. फासळ्यांना एक ताठ पाट बसवतात आणि नळाची दोन्ही तोंडे त्या पाटावर घेतात. मागची बाजू कितीही वाकडी असो, तोंडे एका पातळीत राहतात.

मला वाटले, धक्के खाणाऱ्या आमच्या घराला बोटीचेच नियम लावायला हवेत.

एक गोष्ट आधीच केली होती, ती सांगितली पाहिजे. भिंत उभी राहणारी आहे की नाही हे पाहिल्याशिवाय तिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून ठेवली होती. तडा सरकला की काच फुटते. सहा महिने ती शाबूत होती. तरीही गिझर त्या भिंतीवर टांगला नाही. १० लिटरच्या गिझरमध्ये पाण्याचेच १० किलो वजन, वर टाकीचे वेगळे. तो स्वयंपाकघराच्या बाजूच्या सिमेंटच्या खांबावर घेतला.

भिंतीवर छिन्नी मारायची नाही, हे पुतण्याने पहिल्यांदाच बजावले. पाइप बाहेरूनच नेला. क्लिपा पाइपला नुसत्या धरून ठेवणाऱ्या, आवळणाऱ्या नाहीत, कारण गरम पाण्याने पाइप लांबतो. मग एक जाड लोखंडी पट्टी घेतली, तिला गंज लागू नये असा मुलामा दिलेला. तिच्यावर कान असलेले दोन पितळी एल्बो बसवले, दोन तोंडांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत बरोबर १५० मिलिमीटर. पट्टी भिंतीला लावली तेव्हा उजवीकडे १२ मिलिमीटर फट राहिली. तिथे नायलॉनच्या चकत्या सारल्या. स्क्रू मातीच्या सांध्यात न मारता धड विटेतच मारले. सांध्यात मारलेला स्क्रू हाताने उपटून निघतो, त्याने करूनच दाखवले.

नळाचे दोन्ही पाय टेफ्लॉन टेप गुंडाळून सारखेच आत फिरवले आणि त्यांच्या तोंडांवर स्टीलची फूटपट्टी आडवी धरून पाहिली. नट आधी बोटांनीच फिरला पाहिजे. सुरुवातीलाच पाना लागला, तर काहीतरी तिरपे आहे असे समजायचे. एका बाजूचा नट अडला, तेव्हा सगळे उतरवून आणखी एक चकती घातली. रविवार यातच गेला. आईने तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा विचारले, “झालं का?”

सोमवारी सकाळी वाद झाला तो नळ आडवा कसा दिसतो यावर. पाणसळीप्रमाणे तो सरळ होता, पण आमच्या लाद्याच उताराला लागलेल्या, त्यामुळे डोळ्याला तो वाकडा दिसे. पत्नीचे म्हणणे लादीला धरून लावा. पुतण्याचेही तेच, बोटीवरची सवय! मी हरलो.

गरम पाणी डाव्या हाताला, हा रिवाज मोडू नये. म्हाताऱ्या माणसाचा हात सवयीने जातो. गिझरचा काटा ५० अंशांवर ठेवला. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत गंभीर भाजते, म्हाताऱ्यांची आणि मुलांची त्याहून लवकर. ५० वर काही मिनिटे मिळतात, हात मागे घ्यायला वेळ मिळतो. उघडताना थंड आधी, बंद करताना गरम आधी, हे आईकडून चार दिवस पाठ करून घेतले. आता ती नातवंडांना शिकवते, तेही ओरडून.

भिंतीलगतच्या चकत्यांभोवती सिलिकॉन लावताना खालची कड पुतण्याने मुद्दाम उघडी ठेवली. आत गळती झालीच तर पाणी तिथून बाहेर दिसेल, भिंतीत लपणार नाही. दर रविवारी मी त्या फटीखाली कोरडा कागद धरून पाहतो. गेल्या महिन्यात पहाटे एक हलका धक्का जाणवला, भांडी वाजली. उजाडल्यावर आधी काच पाहिली, मग कागद धरला. दोन्ही ठीक होते. आई तोवर अंघोळ उरकून बाहेर बसली होती.