शो

श्रावण वद्य सप्तमी उजाडली की सुरतेच्या वराछा-कतारगाम भागांतील सौराष्ट्री घरांत चूल पेटत नाही. शीतळा सातम, आदल्या दिवशी शिजविलेले थंड अन्न खावयाचे. स्वयंपाकघरास विश्रांती मिळाली म्हणजे दिवाणखान्यात पत्ते निघतात आणि गोकुळाष्टमीची मध्यरात्र उलटेपर्यंत तीन पत्तीचे डाव चालतात. आम्ही या शहरी अनेक वर्षे राहिलो. खेळण्यापेक्षा पाहणेच आमच्या वाट्यास अधिक आले, आणि त्यात एक गोष्ट मनात ठसली : या खेळात जाणून घेण्याचे मोल द्यावे लागते.

प्रत्येकास तीन पाने मिळतात. ती न पाहता जो ‘ब्लाइंड’ खेळतो त्याच्यापेक्षा पाहून खेळणाऱ्यास दुप्पट घालावे लागतात. म्हणजे आपलीच पाने पाहण्याचीसुद्धा किंमत आहे! शेवटी दोघे उरले म्हणजे एकाने ठरलेले पैसे मांडून ‘शो’ मागावा. पाने तोलात सारखी निघाली तर मागणारा हरतो. जिज्ञासेवर बसविलेला हा कर आम्हांस मोठा मार्मिक वाटतो.

‘साइड शो’ तर त्याहून नाजूक. पाने पाहून चाल केलेला खेळाडू आपल्या आधी चाल केलेल्यास, त्यानेही पाने पाहिली असल्यास, खाजगी तुलना मागतो. समोरच्यास नकार देता येतो. मान्य झाल्यास दोघेच एकमेकांची पाने पाहतात आणि हलका असेल तो मुकाट्याने पाने टाकतो. बाकीच्यांस काही कळत नाही, आणि त्या दोघांनी पुढे भुवईनेही काही कळवू नये असा संकेत आहे. तोंड मिटून बसण्याचे एवढे शिक्षण आमच्या पाठशाळेत आम्हांस मिळाले नव्हते.

पोकरमध्येही हेच तत्त्व आहे. आमच्या गोमंतकीय वाचकांस मांडवीतील कॅसिनो-नौका परक्या नाहीत. तेथील पद्धतीप्रमाणे अखेरच्या फेरीत ज्याने रक्कम वाढविली त्याने प्रथम पाने उघडावी, कारण दुसऱ्याने ती पाहण्याचे पैसे भरलेले असतात. आपण हरलो हे दिसल्यावर दुसऱ्याने आपली पाने पालथीच टाकली तरी चालते. जिंकणारी पाने हाती असता मुद्दाम रेंगाळून प्रतिपक्षास आशेवर झुलविणे मात्र असभ्य गणले जाते. कायद्यास या शिष्टाचाराशी कर्तव्य नाही, ते ठीकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमीस कौशल्याचा खेळ म्हणताना तीन पत्तीस निव्वळ दैवाधीन ठरविले; 2017 साली गुजराथ उच्च न्यायालयाने पोकरलाही जुगारातच जमा केले. फोनवरील पैशांच्या खेळांस 2025 च्या केंद्रीय कायद्याने मनाई झाली. तेथे पाने यंत्रच उलटवी. डोळे वळविण्याचा प्रश्नच नव्हता.

सभापर्वातील द्यूतात तरी लपलेले पान कोठे होते? फासे सर्वांसमक्ष पडत होते. तरीही धर्मराज आधी स्वतःस हरला की मला, हा द्रौपदीचा साधा प्रश्न सभेस पेलला नाही. भीष्मांनाही निश्चित उत्तर देववेना.

एका अष्टमीस आम्ही वराछ्यात एका वृद्ध गृहस्थांकडे बसलो होतो. हिऱ्याच्या कारखान्यांत काम मंदावलेले ते वर्ष. पैलू पाडणारा एक तरुण कारागीर नेटाने चाल करीत राहिला, इतका की एकेक जण पाने टाकून मोकळा झाला आणि यजमानच तेवढे समोर उरले. त्यांनी पैसे मांडून शो मागितला व आपली पाने उताणी केली. साधी जोडी, छक्क्यांची. तरुणाने क्षणभर ती पाहिली, आपली तीन पाने पालथीच गड्डीजवळ सारली आणि पाण्याचा पेला उचलला. शेजारच्या एका पाहुण्याने हात पुढे केला. एवढा जोर कशावर करीत होता ते पाहू तरी द्या, असे तो हसत म्हणाला. आणखी दोघेतिघे हसले. तरुणाचा चेहरा उतरला.

यजमानांनी आपला तळहात त्या पानांवर ठेवला. “पैसा में मूक्या छे,” ते म्हणाले, “अने मारे नथी जोवुं.” पाहण्याचा अधिकार त्यांचाच होता, तेव्हा पाहुण्यास बोलावयास जागा उरली नाही. मग ती पाने त्यांनी आपल्या हाताने गड्डीत मिसळली आणि पिसण्यासाठी गड्डी त्या तरुणापुढे केली.