गुडघाभर पाण्यातलं जग

चमचा पाहिलाय का तुम्ही? पक्ष्याचं नाव सांगतेय. पाहिला नसेल तर यंदाचा हिवाळा सरायच्या आत नांदूर मध्यमेश्वर गाठा, बाकी सगळी कामं थांबू द्या!

पांढराशुभ्र, गाय बगळ्याहून चांगला थोराड पक्षी, आणि चोच टोकाला थेट पळीसारखी पसरट. ही चोच जराशी उघडी ठेवून तो पाण्यात बुडवतो आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी फिरवत चालत राहतो. चोचीच्या आत काही वळवळलं की खटकन मिटली! शिकार डोळ्यांनी नाही, स्पर्शाने. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग तरी किती? मी पाहिले तेव्हा पाच-सहा चमचे एका ओळीत हेच करत होते, सगळ्यांच्या माना एका लयीत डुलत होत्या, आणि मला दुर्बीण खाली ठेववत नव्हती.

नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरीला कादवा येऊन मिळते तिथलं हे अभयारण्य. द्राक्षबागा, कांद्याचे वाफे, उसाचे फड ओलांडत चापडगावच्या बाजूने आत शिरलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि निफाडची ती प्रसिद्ध थंडी बोटांत शिरली होती. दिसत काहीच नव्हतं, पण आवाज! शिट्ट्या, खाकरणं, पंखांची फडफड, मध्येच कुणीतरी पाण्यावरून धावत गेल्याचा छपछपाट. मग धुकं विरत गेलं आणि समोरचं पाणी पक्ष्यांनी भरलेलं निघालं. भरलेलं म्हणजे अक्षरशः भरलेलं.

सोबत गावातलाच एक तरुण वाटाड्या होता. तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण लावता लावता त्याने एकच सांगितलं, "ताई, आधी पाय बघा, मग चोच. कोण कुठं उभं राहणार ते पायावरच ठरतं."

त्या एका वाक्याने सगळं चित्र उलगडलं! कडेच्या चिखलात तुतवार आणि धोबी. दोन पावलं आत, घोट्याएवढ्या पाण्यात, लालबुंद काडीसारख्या पायांवर शेकाटे. त्याच्या पुढे गुडघाभर पाण्यात राखी बगळे आणि चित्रबलाक. चित्रबलाकाची चोच पिवळी, चेहरा केशरी, आणि पाठीकडच्या पिसांवर इतका नाजूक गुलाबी रंग की हा पक्षी परदेशातून आला असणार असं वाटावं. पण तो पूर्णपणे आपला, इथलाच. त्याहून खोल पाण्यात पाय टेकत नाहीत, तिथे बदकांचं राज्य. त्यातही वाटण्या आहेत! थापट्या आपली रुंद चोच पाण्याच्या पृष्ठभागावरून नुसती चालवत जातो, चोचीच्या कडांना बारीक दाते असतात, त्यांतून पाणी गाळून किडे-बिया ठेवून घेतो. तलवार बदक डोकं खाली घालून शेपूट सरळ आकाशाकडे करतं आणि लांब मानेने तळातलं काढतं. लालसरी तर बुडीच मारते. एकच तळं, एकच सकाळ, आणि प्रत्येकाची पंगत वेगळ्या खोलीवर मांडलेली.

आणि कमळपक्षी! पाणवनस्पतींच्या पानांवरून तो जमिनीवरून चालावं तसा चालतो. मोठ्या दुर्बिणीतून मी त्याची बोटं पाहिली. लांबलचक, सडपातळ, पायाच्या मानाने कितीतरी मोठी. पाऊल टेकताना ती बोटं पसरतात, भार वाटला जातो, पान जरासं दबतं, पण बुडत नाही. पुढचं पाऊल उचलताना तो बोटं मिटून घेतो. किती वेळ मी फक्त त्याची पावलंच पाहत होते.

हे सगळं गाळाच्या कृपेने आहे. इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे बंधारा बांधला तो शेतीला पाणी मिळावं म्हणून. पुढे दोन्ही नद्यांनी दर पावसाळ्यात माती आणून टाकली, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, पाणकणीस माजलं. धरण बांधणाऱ्याच्या दृष्टीने गाळ म्हणजे तोटा. पण उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, शेवाळ आणि वनस्पती वाढतात, त्यांच्यावर गोगलगायी, किडे, मासे, आणि त्यांच्यावर हे सगळे पाहुणे. सलीम अलींनी ही जागा पाहून तिला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, आणि २०२० च्या जानेवारीत पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. हे निफाडकरांनी छाती फुगवून सांगावं असंच आहे.

मग एकदम सगळं पाणी उठलं! पाणकणसावरून एक तपकिरी पक्षी संथपणे, पंख किंचित वर धरून तरंगत आला. दलदली भोवत्या, शिकारी पक्षी. काळेकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी इतका वेळ ऐसपैस पसरले होते, ते क्षणात एकमेकांना खेटून दाट घोळका करून बसले. बदकं उडाली, वळली, पुन्हा वळली. शेकाट्यांचा कल्ला. भोवत्याने एक फेरी मारली आणि रिकाम्या पायांनी निघून गेला. दोन मिनिटांत सगळे आपापल्या खोलीवर परत! मी मात्र अजून थरथरत होते.

शेवटी दिसले पट्टकदंब. पलीकडच्या काठावर चरणारे, राखाडी, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. मंगोलिया, तिबेटकडच्या उंच पठारांवर हे घरटी करतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून खाली येतात. उपग्रहाशी जोडलेली यंत्रं अंगावर बसवून केलेल्या अभ्यासात ते ७००० मीटरहून उंच उडताना नोंदले गेले आहेत. तिथल्या विरळ हवेत माणूस चालताना धापा टाकतो. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवतं, म्हणूनही त्यांना हे जमतं. एवढं करून आलेला तो जीव निफाडच्या मातीत शांतपणे गवत खुडत होता!

एका गोष्टीने जीव तुटतो, ती म्हणजे जलपर्णी. नदीत सांडपाणी येतं, त्यावर ती फोफावते आणि जिथे तिचा हिरवा गालिचा पसरतो तिथे ना चमचा चोच फिरवू शकत, ना थापट्या. गोदावरी स्वच्छ ठेवायची ती फक्त कुंभमेळ्यासाठी नव्हे, हे नाशिककरांनी मनावर घ्यायलाच हवं.

तुम्ही मात्र जाच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. ५ ते १२ नोव्हेंबर हा तर राज्याचा पक्षी सप्ताहच, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडणारा. उजाडायच्या आत पोचा. भडक कपडे नकोत, मोबाइलवर गाणी तर नकोतच. दुर्बीण नसेल तर कुणाची तरी मागून घ्या, गावातला वाटाड्या जरूर घ्या आणि मुलांना सोबत न्या. आणि तिथे पोचलात की आधी पाय बघा, मग चोच.