धुम्याची कणीक

आळंदीत जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली. त्या वाटेने पुढे गावात लहानमोठ्या कितीतरी खाजगी संस्था निघाल्या, त्यांतल्याच एकीत मी वाढलो. आज गळ्यात माळ नाही, एकादशी धरत नाही. पखवाज मात्र सुटला नाही. लोक अजून म्हणतात, "महाराज, त्या धाकानंच तुमचा हात तयार झाला."

शिस्तीने झाला, हे खरं. काकड्याला गारठलेल्या बोटांनी ठेका धरायचा, मग माधुकरीला जायचं, संध्याकाळी हरिपाठ. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांवर. त्यातले अध्यायच्या अध्याय पाठ केल्यामुळे मोठी परणही पटकन डोक्यात बसते. टाळकऱ्यांच्या पावलांवरून चाल कुठे चढणार हे ओळखायचं, आणि गाणाऱ्याच्या पुढे कधी जायचं नाही, हे तिथेच कळलं. त्याचं ऋण मी आनंदाने मानतो.

धाकाचं मानत नाही. ओवी अडली की छडी, शंका काढली की पाखंडी. बहिणीच्या सासरी मासे शिजतात म्हणून तिच्याकडे पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असं शिकवलं होतं. तिची मुलं मोठी झाली तरी त्यांना मामा नीट ठाऊक नव्हता. हे नुकसान कुठल्याही पाठांतराने भरून निघत नाही.

आणि धाकाने हातही बिघडतो. पखवाजाच्या डाव्या अंगाला, धुम्याला, ओली कणीक लावतात. तिच्यामुळे आवाज खर्जात उतरतो. पण गाज उठायला तळवा पडून लगेच मोकळा सुटावा लागतो. घाबरलेलं पोर हात उचलतच नाही, चामड्यावर दाबून धरतं. 'धा' मुका पडतो. माझा डावा हात मोकळा झाला तो संस्था सोडल्यावर, मार खाण्याची वाट बघणं थांबल्यावर.

आता माझ्याकडे मुलगे येतात, मुलीही येतात. पहाटेचा रियाज मी ठेवलाय, बोल तोंडपाठ केल्याशिवाय पखवाजाला हात लावू देत नाही. "हवं तर दोन ठेवून द्या," असं एखादे वडील सांगतात, तेव्हा त्यांना तिथेच स्पष्ट नाही म्हणतो. ठेका चुकला तर पोरं थांबून विचारतात, सम कुठे गेली? मी टाळी देऊन दाखवतो, आणि पुन्हा पहिल्या मात्रेपासून.