कादंबरीच्या वाटेने

एखादी कादंबरी मनापासून वाचली म्हणजे तीत वर्णिलेले स्थळ एकवार डोळ्यांनी पाहावे, अशी इच्छा वाचकाच्या मनात सहजच उत्पन्न होते. हरिभाऊ आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ वाचून सिंहगड चढलेले, किंवा व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ वाचून माणदेशचे माळ तुडवून आलेले वाचक आपल्या पाहण्यात असतील. प्रस्तुत लेखकासही हे वेड होते. त्या वेडापायी मी कोठे गेलो, आणि जे पाहावयाचे ते अखेर कोठे सापडले, हे आपल्या वार्षिकाच्या वाचकांस सांगावे असे वाटते.

महाविद्यालयात असताना ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज ग्रंथकाराची, १९२४ साली प्रसिद्ध झालेली ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी मी प्रथम वाचली. चंद्रपूर नामक एका कल्पित गावी (विदर्भातील चंद्रपूर ते नव्हे) डॉक्टर अझीझ नावाचा एक सरळ मनाचा गृहस्थ राहत असतो. तो काही इंग्रज पाहुण्यांस मराबारची लेणी दाखविण्यास नेतो. तेथील अंधारात आपणांवर हल्ला झाला, असा आरोप पाहुण्यांपैकी एक तरुणी त्याजवर करते. खटला उभा राहतो. परंतु भर न्यायालयात ती आपले शब्द मागे घेते आणि अझीझ निर्दोष सुटतो. मराबारची लेणी म्हणजे बिहारातील गयेजवळची बराबर लेणी, असे कळल्यापासून ती पाहण्याचा ध्यास मला लागला.

नोकरीस लागल्यावर कित्येक वर्षे थोडे थोडे पैसे बाजूस टाकून एका नाताळच्या सुटीत मी निघालो. मनमाडास गाडी बदलली व दीड दिवसाने गयेस उतरलो. लेणी पाहून मन थक्क झाले. वेरूळच्या सान्निध्यात वाढलेल्या आम्हां लोकांस लेणे म्हटले की मूर्ती, स्तंभ, कोरीव काम आठवते. बराबरच्या लेण्यांत आत यांपैकी काहीच नाही. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी, सम्राट अशोकाच्या काळी, आजीविक पंथाच्या साधूंकरिता कठीण पाषाणात ती खोदली व आतील भिंती आरशासारख्या घोटल्या. एक हाक मारली तर तिचा घुमारा कितीतरी वेळ भिंतीभिंतींवरून फिरत राहतो. मी तीनदा हाक मारली, तृप्त झालो व परतलो.

घरी आल्यावर माझ्या वृद्ध आत्याबाईंस मी सारी हकीकत सांगितली. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. परंतु गोष्ट ऐकण्याची हौस मोठी. लेण्यांचे वर्णन त्यांनी शांतपणे ऐकले. पुढे न्यायालयाचा प्रसंग सांगताना मी ओघात म्हणालो, “उन्हाळ्याचे दिवस होते, एक मनुष्य पंखा ओढीत होता.” त्याबरोबर त्या सावरून बसल्या व म्हणाल्या, “त्याचं काय लिहिलंय रे?”

मी म्हणालो, “फारसे काही नाही.”

त्यावर आत्याबाई म्हणाल्या, “माझे आजोबा तेच काम करीत, जालन्याच्या कचेरीत. दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून दिवसभर ओढायची. म्हातारपणीसुद्धा त्या अंगठ्यावर वळ होता. मी लहानपणी त्यावर बोट फिरवीत असे. त्याच पगारात त्यांनी तुझ्या आजोबांना मिशनच्या शाळेत घातलं.”

पणजोबा कचेरीत नोकरीस होते, एवढेच आमच्या घरी अभिमानाने सांगत. ती नोकरी कोणती, हे मी कधी विचारले नव्हते.

त्या रात्री मी कादंबरी पुन्हा उघडली. मी ‘फारसे काही नाही’ म्हणालो होतो, ते सपशेल खोटे होते. त्या न्यायालयात प्रथम लक्ष वेधून घेतो तो पंखेवालाच. गरीब, हलक्या मानलेल्या जातीचा. परंतु रूपाने एखाद्या देवासारखा. त्याच्याकडे पाहूनच आरोप करणाऱ्या तरुणीच्या मनातील अहंकारास पहिला धक्का बसतो. खटला संपतो, सारे निघून जातात, आणि रिकाम्या दालनात तो एकटा पंखा ओढीत राहतो. ही पाने मी पूर्वी वाचली होती. पण माझी दृष्टी साहेबांवर व लेण्यांवर खिळलेली होती.

पुढे फॉर्स्टर यांची छापलेली प्रवासाची रोजनिशी हाती आली. तीत पाहतो तो काय! ते १९१३ साली आपल्या या शहरी, तेव्हाच्या निजामाच्या राज्यातील औरंगाबादेस, आले होते. दौलताबाद, वेरूळ त्यांनी पाहिले. येथील न्यायालयात एका खुनाच्या खटल्याचे कामही पाहिले. तेथे पंखा ओढणारा एक मुलगा बसलेला होता. त्याच्या निर्विकार मुद्रेस त्यांनी ग्रीक पुराणातील आयुष्याचा धागा कापणाऱ्या देवतेची उपमा दिली आहे. म्हणजे ज्याच्या शोधात जावयाचे, तो मनुष्य गयेस नव्हे, माझ्याच गावी बसलेला होता! तो मुलगा माझा पणजोबा नव्हे, हे मी जाणतो. परंतु दोघांच्या हातची दोरी एकच होती.

गेल्या वर्षी नववीच्या मुलांस ही हकीकत सांगितली, तेव्हा मागील बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, त्या पंखेवाल्या मुलाचे नाव काय?” मजजवळ उत्तर नव्हते, कारण नाव ना कादंबरीत आहे, ना रोजनिशीत. मग तो म्हणाला, “तुमच्या पणजोबांचे?” तेही मला ठाऊक नव्हते. वर्ग सुटताच मी आत्याबाईंकडे गेलो, नाव विचारून घेतले, आणि आमच्या घरच्या जुन्या पवित्रशास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर, आजोबांच्या नावाच्या वर, ते लिहून ठेवले.

विद्यार्थी मित्रांनो, पुस्तके वाचा व त्यांतील स्थळे पाहण्यास अवश्य जा. बराबरास गेल्याचा मला मुळीच पश्चात्ताप नाही. तेथे गेलो नसतो तर आत्याबाईंस सांगावयास मजजवळ काही नसते, व त्यांनीही मला काही सांगितले नसते. मात्र परत आल्यावर आपल्या घरातील वडीलधाऱ्यांजवळ घटकाभर बसा व ती गोष्ट त्यांस सांगा. तुम्ही वाचताना जे पान घाईने उलटले असेल, तेथे त्या तुम्हांस थांबवितील.