रविवारचे जुन्नर

मी चार वर्षे जुन्नरला होतो, असे मी सर्वांना सांगतो. काटेकोर हिशेब केला तर ते खरे नाही. १९८४ च्या जूनमध्ये तिथल्या कॉलेजात इतिहासाचा अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच शनिवारी शेवटचा तास आटोपून एस. टी. स्टँड गाठला. मग तो पायंडाच पडला. शनिवारी दुपारी पुण्याला, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. शनिवार, रविवार, दिवाळी, उन्हाळा वजा जाता किती जुन्नर उरले, ते आमच्या गणिताच्या प्राध्यापकांनीच सांगावे.

अंतर जेमतेम नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. पण नारायणगावला नाशिकचा रस्ता सोडून गाडी डावीकडे वळली, की आपण जगाकडे पाठ फिरवली असे मला वाटे. एका जुन्या वाड्याच्या माडीवर मला खोली मिळाली होती. खिडकीतून शिवनेरी दिसे. दात घासताना शिवनेरी, कपडे वाळत घालताना शिवनेरी. वाड्याच्या मालकीणबाईंना सारी आळी आक्का म्हणे. महाराजांचा जन्म गडावर नव्हे, आपल्याच आळीत झाला आणि बाळंतविडा आपल्याच घरून गेला, अशा थाटात त्या बोलत. गावाला इतिहासाची वाण नव्हतीच. पेशवाईच्या दप्तरांत ज्या जुन्नरी कागदाला मान होता, तो बनवणाऱ्या कागद्यांची वस्ती इथलीच. आणि मी त्या गावात इतिहास शिकवून पुण्याला पळत होतो!

शनिवारी पिशवी घेऊन जिना उतरलो की आक्का हटकत, "मास्तर, रविवारचं जुन्नर बघितलं नाहीत, मग बघितलं तरी काय?"

माझी पुतणी अमेरिकेच्या मध्य भागातल्या एका लहानशा कॉलेजच्या गावात राहते. ती सांगते, तिथे सुट्टी लागली की गाव ओस पडते. जुन्नरचे उलटे. रविवारी कॉलेज बंद आणि गाव गच्च, कारण रविवार हा बाजाराचा वार. पण हे मला पुष्कळ उशिरा कळले.

दुसऱ्या वर्षी वर्गात घाटघरचा एक मुलगा होता. घाटघर म्हणजे नाणेघाटाच्या माथ्यावरचे गाव. नाणेघाट मी दर वर्षी मोठ्या तन्मयतेने शिकवीत असे. सातवाहनांची राणी नागनिका, तिने लेण्यात कोरविलेला लेख, यज्ञांत दान दिलेल्या गाईंचे आणि कार्षापणांचे आकडे, घाटातला तो जकातीचा दगडी रांजण. ब्राह्मीतले अंक फळ्यावर काढून दाखवी. ज्याच्या घरची गुरे त्या लेण्याच्या आसपास चरत, तो मुलगा तिसऱ्या बाकावर बसून ते वहीत उतरवून घेत होता. त्याला एक प्रश्न विचारावा, असे मला कधी सुचले नाही.

जुलैत तो तीन आठवडे गायब झाला. पुढेही अधूनमधून दांड्या होत्याच. सत्राअखेरीस हजेरी कमी पडलेल्यांच्या यादीत त्याचे नाव आले. त्या यादीवर सही माझी होती. तो स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आवणी होती."

सदाशिव पेठेत जन्म गेलेल्या मला हा खेड्यातला एखादा सण असेल असे वाटले. मी म्हणालो, "सण घरी करावेत, परीक्षा इथे द्यावी."

दोघे-तिघे सहकारी हसले. मलाही आपले वाक्य आवडले होते. तो काही न बोलता गेला आणि पुन्हा कॉलेजात आला नाही.

पुढल्या वर्षी मार्गशीर्षात मला ताप आला आणि पुण्याची गाडी चुकली. आक्कांनी दोन दिवस पेज पाजली आणि रविवारी अंगात थोडी तरतरी आलेली पाहून मला बाजारात पिटाळले. पश्चिमेच्या डोंगरातली माणसे नवा तांदूळ घेऊन बसली होती. एका म्हातारीला मी भाव विचारला आणि बोलता बोलता आवणीचा अर्थही विचारला. ती माझ्याकडे पाहतच राहिली.

"रोपं उपटायची, चिखलात लावायची. पाऊस हाय तवर उरकाया लागतं. साळंतली पोरं बी घरी आणावी लागत्यात. न्हाईतर वरीसभर खायाचं काय?"

तांदूळ घेऊन मी घरी आलो. घाटघरला एस. टी. जात होती. मी गेलो नाही. १९८८ मध्ये पुण्यात नोकरी मिळाली आणि जुन्नर सुटले.

परवा-परवा एका फेब्रुवारीत नातवाला खोडदची रेडिओ दुर्बीण पाहायची होती. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, चौदा जवळजवळ आणि बाकीच्या दूरवर पांगलेल्या. आमच्या वेळी तिथे शेते होती. दुसरा दिवस रविवार होता, म्हणून त्याला जुन्नरला घेऊन गेलो. आक्का कधीच गेल्या होत्या, वाड्याच्या जागी तीन मजली इमारत होती. शिवनेरी मात्र माझ्या खिडकीवाचूनही तसाच दिसत होता. बाजारातून हिंडताना मागून कोणी हाक मारली, "सर?"

पंचावन्न-साठीचा माणूस, पुढ्यात तांदळाचे पोते. त्याने ओळखले, मी ओळखायला वेळ घेतला. पावसाळ्यात नाणेघाटावर मुंबई-पुण्याची मंडळी येतात, त्यांना घरी जेवण करून घालतो, म्हणाला. "लेण्यातले आकडेही दाखवतो, तुम्ही फळ्यावर काढलेले." नातू लगेच त्याच्याशी रांजणाविषयी बोलू लागला.

मी मध्येच म्हणालो, "आवणी म्हणजे काय, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं."

"कसली आवणी, सर?" त्याने काट्याकडे पाहत विचारले. मी पुढे काही बोलू शकलो नाही.

त्याने पाच किलो तांदूळ मापून पिशवीत घातला. पैसे काही केल्या घेईना. मी फारच आग्रह धरला, तेव्हा पिशवीचे बंद नातवाच्या हातात देत म्हणाला,

"राहू द्या, सर. जुलैत या घरी. आवणीला माणूस कमी पडतंय."