मशीन मोजायचं मी सोडलं

डायलिसिस टेक्नॉलॉजी शिकायची असेल तर जिथे मशीन जास्त आणि पेशंट जास्त ते कॉलेज घ्या, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. आता तसं सांगत नाही. मत का बदललं, ते आमच्या या कामात येऊ पाहणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना कळावं म्हणून हे लिहितोय.

माझं जुनं मत हवेतून आलेलं नव्हतं. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो आणि थेट युनिटमध्ये लागलो. तेव्हा आमच्या भागात या विषयाची पदवी कुठेच मिळत नव्हती. सीनिअरच्या पाठीमागे उभं राहायचं, तो प्रायमिंग कसं करतो, सुई कशी घालतो, पेशंट मशीनवर कसा घेतो ते बघायचं, आणि एक दिवस तो म्हणायचा, ‘आज तू कर.’ मग करत करत हात बसायचा. पुढे 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, जिल्हा रुग्णालयांपर्यंत मशीन पोहोचली, राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस मोफत होऊ लागलं. टेक्निशियन कमी पडायला लागले आणि पदवीची कॉलेजं वाढली. दर जून-जुलैत कुणी ना कुणी मुलाला घेऊन यायचं आणि मी एकच हिशोब मांडायचो. तीस मशीन, तीन शिफ्ट, म्हणजे दिवसाला नव्वद पेशंट. पाच मशीनच्या युनिटमध्ये दोन शिफ्ट चालल्या तरी दहा. तीन वर्षं शिकून वर्षभराची इंटर्नशिप करायची, तर कुठे जास्त हात चालेल?

हा हिशोब आजही बरोबर आहे. पण कॉलेज निवडायला तो पुरत नाही, असं मला वाटायला लागलं ते आमच्याकडे दोन तऱ्हेची मुलं इंटर्नशिपला आली तेव्हापासून.

एका मोठ्या गर्दीच्या ठिकाणाहून आलेला मुलगा. हात इतका चपळ की बघत राहावं. लाइन लावणं, हवा काढणं, हेपारिन, सगळं घड्याळाच्या पुढे. दुसरी मुलगी एका लहान युनिटच्या कॉलेजातली. सुरुवातीला ती हळू होती, आमच्या सिस्टर वैतागायच्या.

एका सकाळी एक बाई आल्या. ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, 50 किलो, त्या दिवशी काट्यावर 53. तीन लिटर पाणी काढायचं, नेहमीचे चार तास. मुलाने मशीन तयार ठेवलं होतं, यूएफ, म्हणजे काढायच्या पाण्याचा आकडा, तीन लिटरवर लावायचंच बाकी होतं. त्यात त्याचं काही वावगं नव्हतं, रोज सगळीकडे हेच होतं. त्या मुलीने आधी बाईंच्या फिस्टुल्यावर, म्हणजे सुई घालायला हातात शिरा जोडलेल्या असतात तिथे, बोटं ठेवली, थरथर लागते का बघितलं, मग स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकला. ‘काकू, मागच्या खेपेला पायात गोळे आले होते का?’ बाई म्हणाल्या, ‘गोळे आले, आणि घरी गेल्यावर दिवसभर उठवलंच नाही.’ मुलीने चार्टच्या कोपऱ्यात गणित मांडलं. तीन हजार मिली, चार तास, पन्नास किलो. तासाला, किलोमागे 15 मिली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘सर, 13 च्या वर जाऊ नये असं आम्हाला शिकवलंय. पाऊण तास वाढवला तर खाली येतं. डॉक्टरांना विचारू का?’

डॉक्टरांनी वेळ वाढवून दिला. बाईंचं बीपी त्या दिवशी पडलं नाही. एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. मी थबकलो ते तिच्या प्रश्नापाशी. हे गणित मलाही येतं, पण मला ते फार उशिरा, एका नेफ्रॉलॉजिस्टनी समजावलं होतं. हिला ते दुसऱ्या वर्षात कुणीतरी शिकवलं होतं, आणि पेशंट मशीनवर घ्यायच्या आधी ते मांडायची सवय लावली होती.

नंतर मी त्या मुलाशी निवांत बोललो. हुशार मुलगा. पहिल्या वर्षापासून तो शिफ्टला उभा होता. स्टाफ कमी, पेशंट रांगेत, म्हणून मुलांना लगेच कामाला लावलेलं. वर्ग ठरलेला असायचा, पण शिफ्ट संपेपर्यंत वेळ टळून जायची. अलार्म वाजला तर बंद कसा करायचा ते त्याला पाठ होतं, तो का वाजला हे सांगायला थांबणारं कुणी नव्हतं. नव्वद पेशंटांच्या गर्दीत तो माणसांची टंचाई भागवत होता, आणि त्यासाठी त्याचे आईवडील फी भरत होते. याचा मला फार राग आला. आजही येतो.

त्यानंतर मुलं आली की मी एक प्रश्न हमखास विचारू लागलो: तुमच्या युनिटची आरओ रूम, पाणी शुद्ध करायची खोली, कधी आतून बघितलीस का?

पाण्याचं कॉलेज निवडण्याशी काय नातं, असं वाटेल. डायलिसेट मिनिटाला 500 मिलीच्या वेगाने जातं, म्हणजे चार तासांत 120 लिटर. आपण दिवसाला दोनतीन लिटर पाणी पितो आणि मध्ये आतडी असतात. इथे पेशंटच्या रक्तात आणि या 120 लिटरमध्ये फक्त डायलायझरचा पातळ पडदा. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते कार्बनच्या टाकीतच अडवावं लागतं, नुसत्या आरओच्या भरवशावर राहून चालत नाही. निसटलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून कार्बनच्या टाकीनंतरचं पाणी प्रत्येक शिफ्टच्या आधी तपासायचं असतं. ब्राझीलमध्ये कारुआरू इथे 1996 साली एका डायलिसिस केंद्रात नीट शुद्ध न केलेलं, टँकरने आणलेलं पाणी वापरलं गेलं. शेवाळासारख्या जिवाणूंचं विष त्यात होतं, आणि पन्नासहून जास्त पेशंट गेले. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर किती ठिकाणी येतात ते वेगळं सांगायला नको. पाण्याचा स्रोत बदलला की तपासणी बदलावी लागते, हे ज्याला शिकवलेलंच नाही तो मशीन कितीही झटपट लावो, मला त्याची काळजी वाटते.

ती मुलगी म्हणाली होती, त्यांच्याकडे आठवड्याला दोघादोघांची पाळी असायची. सकाळी सर्वांच्या आधी यायचं, पाण्याचा नमुना घ्यायचा, रजिस्टरमध्ये रीडिंग लिहून सही करायची. मुलाच्या कॉलेजात आरओ रूमची किल्ली ऑपरेटरकडे असायची आणि मुलांना आत जायची मुभा नव्हती.

यंदा माझ्या भाचीची वेळ आली. दाजींनी दोन कॉलेजांची माहितीपत्रकं गोळा केली होती, एक मोठ्या युनिटचं, एक लहान युनिटचं. नॅकची श्रेणी, इमारत, प्लेसमेंटचे फोटो. नॅकची श्रेणी अख्ख्या संस्थेची असते, डायलिसिसच्या वर्गात कोण शिकवतं ते त्यातून कळत नाही, एवढं मी त्यांना सांगितलं. मग भाचीला म्हटलं, दोन्ही कॉलेजांत जाऊन ये, पण ऑफिसात बसू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ. शिकवायला स्वतः डायलिसिस टेक्नॉलॉजी शिकलेलं कुणी आहे का? कागदावर डॉक्टरांचं नाव आणि प्रत्यक्षात कुणीच नाही, असं तर नाही? लॉगबुकवर सही करणारा उभा राहून बघतो, की महिनाअखेरीस गठ्ठ्याने सह्या होतात? हेपाटायटिस बीची लस युनिटमध्ये पाठवायच्या आधी देतात का, आणि नंतर टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते, तपासतात का? तिसरा डोस सहा महिन्यांनी असतो, त्यामुळे ज्यांना मुलांची काळजी आहे ते प्रवेश झाल्या झाल्या सुरुवात करतात. हा प्रश्न मी शेवटी सांगितला, पण माझ्या लेखी तो पहिला आहे.

2021 च्या राष्ट्रीय कायद्याने आमच्यासारख्या व्यवसायांना पहिल्यांदा देशपातळीवर नाव दिलं. त्यात किमान 2000 तासांच्या शिक्षणाची अट आहे. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण ते तास शिकण्याचे की नुसते राबण्याचे, हे कायद्याला युनिटच्या दारात उभं राहून बघता येत नाही. ते मुलीच्या घरच्यांनाच बघावं लागतं.

भाची दोन्हीकडे जाऊन आली आणि तिने लहान युनिटचं कॉलेज घेतलं. दाजी अजून नाराज आहेत, आणि त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. नोकरीच्या मुलाखतीत ‘किती पेशंट लावलेस?’ हेच आधी विचारतात. फिस्टुल्यात सुई घालायला हात बसावा लागतो, त्याला दुसरा उपाय नाही, आणि दहा पेशंटांत वीस मुलं वाटली गेली तर तो बसणार नाही. म्हणून तिच्या वर्गात किती मुलं आहेत तेही आम्ही विचारून घेतलं, आणि इंटर्नशिपसाठी मोठं युनिट मागायचं असं आताच ठरवून ठेवलंय. गर्दीत जायचंच आहे तिला, पण आधी तीन वर्षं कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवलेलं असावं. मोठ्या युनिटमधला माझा एक जुना सहकारी म्हणतो, या क्रमाने मुली घाबरट होतात. मला तसं वाटत नाही.