उष्टे अन्न आणि मुके प्राणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे शाळेच्या इतिहासावर लेख मागितला होता. तो विषय आमच्यापेक्षा अधिकारी व्यक्तींनी याच अंकात हाताळला असल्याने आम्ही भोजनगृहाच्या मागच्या दाराकडे वळलो. ज्यांनी या वसतिगृहात चार-पाच वर्षे काढली, त्यांना ते दार कुठले हे सांगावे लागणार नाही. रात्रीची पंगत उठून ताटे घासायला गेली की तिथे दोन-तीन कुत्री आणि भिंतीवर एखादे मांजर हजर असते. मुलांच्या पिढ्या बदलल्या, त्यांच्याही बदलल्या. हजेरी मात्र चुकली नाही.

हे उरलेले अन्न त्यांना घालावे की घालू नये, हा प्रश्न अलीकडे पालकसभेत दरवर्षी निघतो. कुणी म्हणतात, अन्न वाया जाण्यापेक्षा मुक्या जिवाच्या मुखी पडलेले बरे. कुणी म्हणतात, त्यामुळेच कुत्री आवारात येतात आणि लेकरांना चावतात. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु जे घातले जाते त्याने त्या जिवाच्या पोटात काय होते, हे विचारणारा पालक आम्हांला क्वचितच भेटला.

कुत्र्याला माणसाच्या जेवणाची ओढ का, याचे उत्तर बऱ्याच अंशी इतिहासात आहे. लांडग्यांच्या ज्या शाखेने माणसाच्या वस्तीभोवती राहून टाकलेल्या अन्नावर जगण्याचा मार्ग पत्करला, तिचेच वंशज आजचे कुत्रे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, तर कुत्र्यात त्या कितीतरी पटींनी वाढल्या आहेत. म्हणजे आपल्या भाकरीने त्याचे शरीरच बदलले. डोळ्यांवरची भुवई उंचावून केविलवाणे पाहण्याचा स्नायूही कुत्र्यात नीट विकसित झाला आहे, लांडग्यात तो जवळपास नाही. हे २०१९ सालचे संशोधन. तेव्हा ताटाशी बसून ज्या नजरेने तो पाहतो, ती केवळ भुकेची असते असे समजू नये. एकदा घास मिळाला की तो पुढे शंभर वेळा वाट पाहतो, आणि शंभरांतून एकदा मिळत राहिला तर कधीच सोडत नाही. मुलांना हे समजावताना आम्ही लॉटरीच्या तिकिटाचे उदाहरण देतो.

मांजराची गोष्ट वेगळी. कुत्रा चुलीपाशी आला, मांजर कणगीपाशी आले. धान्याला उंदीर लागले, उंदरांमागे मांजर आले, आणि त्याचे खाणे मात्र पूर्वीचेच राहिले. ते पक्के मांसाहारी आहे. गोड चव ओळखणारे जनुकच त्याच्यात निकामी असल्याचे २००५ साली सिद्ध झाले. पेढ्याकडे किंवा आइस्क्रीमकडे ते येते ते त्यातील स्निग्धांशाच्या वासाने. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला मांसातून किंवा मासळीतूनच मिळवावे लागते, कारण त्याचे शरीर ते पुरेसे बनवू शकत नाही आणि वनस्पतींत ते जवळपास नसतेच. ते दीर्घकाळ न मिळाल्यास दृष्टी जाते, हृदय कमकुवत होते. १९८७ साली अमेरिकेत असे आढळले की, बाजारात मिळणाऱ्या तयार खाद्यातही ते कमी पडत होते आणि त्यापायी मांजरे हृदयविकाराने दगावत होती. मग आपल्या वरण-भातावर पाळलेल्या मांजराचे काय होत असेल? आमच्या कोठीघरातील मांजर धडधाकट आहे, ते उंदरांच्या कृपेने. दुधाविषयीही एक समजूत दूर करावी लागते. वयात आलेल्या बहुतेक मांजरांना गाईचे दूध नीट पचत नाही. बशीभर दूध प्रेमाने पाजावे आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात घाण झाली म्हणून त्याच मांजराला काठी उगारावी, असे घरोघरी चालते.

आता खरी धोक्याची बाब, आणि ती आपल्या वैदर्भी स्वयंपाकघराच्या अगदी मध्यभागी आहे. कांदा आणि लसूण. यांच्यातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्या-मांजरांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. कच्चा, शिजलेला, वाळवलेला, मसाल्यात दळलेला, कुठल्याही रूपातला कांदा त्यांना अपायकारक असतो. मांजराच्या बाबतीत वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५ ग्रॅम कांद्याने रक्तावर परिणाम दिसू लागतो. कुत्र्यात हे प्रमाण १५ ते ३० ग्रॅम. म्हणजे तीन किलोच्या मांजराला १५ ग्रॅम, एका लहान कांद्याची जेमतेम चतकोर. परिणाम लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी जनावर मलूल होते, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर तपकिरी होते. आणि तोवर तर्री-पोह्यांचा तो द्रोण कुणाच्याच लक्षात राहिलेला नसतो. सावजी रश्श्याविषयी तर काय सांगावे! तो पचवायला नागपूरकराचेही पोट तयार असावे लागते. त्यातील तेलाने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि शिजलेले हाड तडकून त्याचे अणकुचीदार तुकडे घशात किंवा आतड्यात रुततात. रविवारी कोंबडीची हाडे गोळा करून बाहेर नेणारी मुले दयाळू असतात, यात आम्हांला शंका नाही.

वाढदिवसाचे चॉकलेटही असेच. त्यातील थिओब्रोमिन माणूस सहज पचवितो. कुत्र्याच्या शरीरात ते तासन्‌तास रेंगाळते, आणि चॉकलेट जितके काळे तितके अधिक घातक. द्राक्षे आणि मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. कुणाची होतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून शिऱ्यातील मनुकाही नको. साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातील साखर तासाभरात धोकादायक पातळीला उतरू शकते. अशा वेळी घरगुती उपचार करीत बसू नये, मीठ पाजून ओकारी काढणे तर मुळीच नको. काय खाल्ले आणि किती, हे लिहून घेऊन जनावराला थेट पशुवैद्याकडे न्यावे. आपल्या शहरात सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, याचा अनेकांना विसर पडतो.

यावर एक युक्तिवाद हमखास होतो: रस्त्यावरचे कुत्रे काहीही खाऊन जगते, त्याला काय होते? इतिहासाच्या विद्यार्थ्याला या युक्तिवादातील उणीव चटकन दिसावी. जे जगले तेच दारात उभे असतात. जे मेले, त्यांची नोंद कुणी ठेवली?

आठवीच्या वर्गात एका मुलीने आम्हांला विचारले होते, ‘सर, मांजराला पंचशील लागू होते का?’ वर्ग हसला, परंतु प्रश्न हसण्याजोगा नव्हता. शील हे समजून-उमजून घ्यायचे असते. मांजराने उंदीर मारला तर त्याचे शील मोडत नाही, कारण त्याने ते घेतलेलेच नाही. आपण घेतले आहे, म्हणून ताटात काय घालायचे याचा विचार आपल्यावर येतो. सम्राट अशोकापुढेही ही अडचण आली असावी. अभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यानंतर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची लांबलचक यादी आहे, आणि त्याच लेखात एका जिवाला दुसरा जीव खाऊ घालून पोसू नये असेही सांगितले आहे. मांजर पाळणाऱ्याने ही आज्ञा कशी पाळावी, हे मात्र लेख सांगत नाही. दुसऱ्या शिलालेखात तो अधिक व्यवहारी वाटतो: माणसांसाठी आणि पशूंसाठी, दोघांसाठीही चिकित्सेची सोय, औषधी वनस्पतींची लागवड, रस्त्यांवर विहिरी. पशूला काय मानवते आणि काय बाधते, हे जाणल्याशिवाय चिकित्सा होत नाही. आपल्या विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे, प्राण्यांना धरण्यास व मारण्यास मनाई करणारा ब्राह्मी लिपीतील प्राचीन लेख सापडला. ती शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, ठेवलेली आहे. सहलीला गेलेली मुले तिच्यासमोर क्षणभरही थांबत नाहीत, ती पेंढा भरलेल्या वाघाकडे धावतात.

परंतु आपल्या समाजासाठी उष्ट्याचा प्रश्न केवळ आरोग्याचा नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाने कुत्रे, पतित, श्वपच, रोगी, कावळे आणि कृमी यांच्यासाठी अन्न जमिनीवर ठेवावे, असे सांगितले आहे. एकच ओळ आणि तीत कुत्र्याच्या शेजारी माणूस. दहाव्या अध्यायात चांडाळाने फुटक्या भांड्यात जेवावे आणि कुत्री व गाढवे हेच त्याचे धन असावे, असे विधान येते. इंग्रज आले तेव्हा त्यांनी आपल्या गावठी कुत्र्याला नाव दिले ‘पारिया’. तेही तमिळ मुलखातील परैयर या अस्पृश्य ठरविलेल्या समाजाच्या नावावरून. जातीचे नाव कुत्र्याला चिकटले आणि प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत राहिले. हल्लीची मुले त्याला ‘इंडी’ म्हणतात, हे बरे झाले. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्ट्या-शिळ्या तुकड्यांची लाचारी सोडण्यास सांगितले, तेव्हा ते आहारशास्त्र सांगत नव्हते. ज्या चवदार तळ्यावर गुरे-कुत्री पाणी पीत, तिथे माणसाला ओंजळ भरू दिली जात नव्हती. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली.

आमच्या आजीने हे ग्रंथ वाचले नव्हते. तिला अक्षरओळख नव्हती. परंतु १९५६ च्या दीक्षेनंतर तिच्या घरात एक नियम होता. कुत्र्याला भाकर ‘टाक’ असे कुणी म्हटले की ती म्हणे, ‘टाकू नको, वाढ.’ अंगणाच्या कडेला एक मातीचे परळ असे. त्यात ती बिनमिठाची भाकर पाण्यात कुस्करून घाली. उष्ट्यातली नव्हे, त्याच्या नावाने थापलेली. परळाला तडा गेला की ते बदलत असे. आपल्याला ज्यांनी तुकडे फेकले त्यांच्यासारखे वागायचे नाही, इतके तिने ठरविले होते. आमच्या मते उरलेले अन्न कुत्र्याला घालणाऱ्यांपैकी पुष्कळांना कुत्र्याची भूक दिसत नाही. स्वतःचे जादा शिजलेले दिसते. दशमीला दीक्षाभूमीच्या परिसरात ठिकठिकाणी भोजनदान होते. ते माणसाने माणसाला सन्मानाने वाढलेले असते. त्यानंतर रस्त्याकडेला पडलेल्या पत्रावळींवर जी कुत्री आणि गुरे तुटून पडतात, त्यांना मसाला, मीठ आणि कधी प्लास्टिकही पोटात घ्यावे लागते. त्या पत्रावळी उचलणारे स्वयंसेवक त्या जनावरांवर अधिक उपकार करतात.

आमच्या धंतोलीत हा वाद रोज डोळ्यांसमोर असतो. गल्लोगल्ली इस्पितळे, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी लागलेल्या हातगाड्या, त्यांच्या खाली उरलेली प्लेट, आणि प्लेटभोवती कुत्री. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी आदेश दिला की, ज्यांना भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी ती रीतसर दत्तक घेऊन घरी न्यावीत. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुढे २०२३ च्या नियमांनी खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळाच्या जागेपासून, जिन्यांपासून व येण्याजाण्याच्या दारांपासून दूर असावी, वेळ वर्दळीची नसावी आणि घाण राहू नये, असे ठरवून दिले. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने रस्त्यावर कुठेही खाऊ घालणे बंद करून प्रभागनिहाय जागा नेमण्यास सांगितले, आणि ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, इस्पितळे, बसस्थानके यांच्या आवारातील कुत्री निवाराकेंद्रात हलविण्याचा आदेश झाला. लेकरांच्या शाळेत रेबीजचा धोका पत्करता येत नाही, हे आम्हांला पूर्ण मान्य आहे. हा रोग एकदा प्रकट झाला की वाचण्याची आशा जवळजवळ नसते. म्हणून चावा असो की ओरखडा, पंधरा मिनिटे साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुणे आणि त्याच दिवशी लस, हे आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते.

आता वसतिगृहात आधी माणशी मोजून शिजविले जाते, त्यामुळे उरतेच थोडे. उरलेले कालवण खताच्या खड्ड्यात जाते. स्वयंपाकघरातील मावशी मसाला पडण्याआधी मूठभर साधा भात आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा वेगळा काढतात. तो दुपारी मुले वर्गात असताना मागील कुंपणाबाहेर, एका ताटलीत ठेवला जातो, सोबत पाणी. अर्ध्या तासाने ताटली धुऊन आत येते. स्नेहसंमेलनाला बिर्याणीचे डबे घेऊन येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी जुन्या सवयीने फाटकाशी हाडे टाकू नयेत, एवढी त्यांना विनंती.

फाटकावरच्या तांबड्या कुत्रीचा निर्णय अजून व्हायचा आहे. तिच्या कानाला खाच आहे, म्हणजे शस्त्रक्रिया झालेली आहे. लसही टोचलेली आहे. तिला हलवायचे झाल्यास कुठे नेणार, तिथे तिला कोण वाढणार आणि काय वाढणार, असा अर्ज आठवीच्या मुलींनी स्वतः लिहून मुख्याध्यापकांकडे दिला आहे. आम्ही त्यातील शुद्धलेखन तेवढे तपासले. अर्जाखाली, सह्यांच्याही खाली, त्यांनी एक ओळ जोडली होती: तिला कांदा देऊ नये.